पाणी कुठे सांडलं

वना मिस्त्रीचं नाव निघालं की धुळ्यात अजूनही एखादा शहाणा म्हणतो, "तो रेसिंगवाला ना? ज्याच्यामुळे भिकमचंद शेठच्या आईचं कंबरडं मोडलं?" असं कोणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. अरे, तुम्ही होतात का तिथे? ज्यांना गाडीत पेट्रोल कुठून ओततात एवढंच ठाऊक, ते चहाच्या दुकानात बसून वनाला दोषी ठरवून मोकळे झाले. मी मात्र सगळं जवळून पाहिलंय. आग्रा रोडवर वनाच्या पत्र्याच्या शेडला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं. माझं नाव जीवराम, पण सगळा रस्ता मला नाना म्हणायचा.

वना गरीब बिचारा होता असं मात्र मी म्हणणार नाही. कसला गरीब! उंच, हडकुळा, कानात सोन्याची बाळी, आणि तोंड म्हणजे सुटलेली तोफ. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून आलेला, लष्कराच्या लिलावातल्या जीपगाड्यांवर हात बसवलेला. गिऱ्हाईक जास्त बोललं तर तो गाडीची किल्ली उचलून सरळ रस्त्यात भिरकावायचा. स्वतःची बढाई मारण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "मी हात लावेल गाडीले पंख फुटतंस," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मी त्याला शंभरदा सांगितलं, वना, जीभ आवर, एक दिवस हीच तुझ्या अंगाशी येईल. तो हसायचा आणि माझ्याच दुकानातून उधारीवर गॅस्केट उचलायचा.

त्याची खासियत होती पिकअप. इंजिन उघडणारे धुळ्यात चिकार होते, पण पाय दाबल्याबरोबर गाडीने पुढे कसं निघावं, हे ठरवणारा तो एकटाच. ते प्रकरण मला त्याच्याकडूनच कळलं. गाडी एका लयीत चाललेली असते तेव्हा कार्ब्युरेटर हवेच्या ओढीने आपलं पेट्रोल देत राहतो. पण तुम्ही एकदम पाय दाबलात की आतली झडप सताड उघडते आणि हवा धाडकन आत शिरते. हवा हलकी, पेट्रोल जड. हवा पोचते आणि पेट्रोल मागे राहतं. तेवढ्या वेळापुरती इंजिनाला नुसती हवा मिळते आणि ठसका लागल्यासारखं ते अडकतं. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक इवलासा पंप असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. पिचकारी कमी पडली तर गाडी झटका खाऊन अडते, जास्त झाली तर आधी उसळते आणि मागे काळा धूर सोडते. बरोबर पडली तर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघते. वना हे सगळं पंपाच्या दांडीवरचा एक नट आतबाहेर करून आणि स्प्रिंगा बदलून जमवायचा.

आणि हे तो शेडमध्ये उभ्या गाडीवर कधीच करायचा नाही. त्याचा नियम होता, गाडी सेट करायची तर भरलेली पाहिजे.

"खाली गाडी पयाले काय, गधडंबी पयस," तो म्हणायचा. "बठ्ठं घर बसाडा, मंग दखू."

मग गाडीमालकाचं अख्खं घर यायचं. बायको, आई, पोरं, कधी सासरहून आलेली लेक. माणसं कमी पडली तर मला मागच्या सीटवर कोंबायचा, कारण माझं वजन दोन माणसांचं. अशी भरलेली गाडी घेऊन तो लळिंगच्या घाटात जायचा. चढावर गाडी हळू करायची आणि मग एकदम पाय दाबायचा, असं पुन्हा पुन्हा. मालकाला तो काही विचारायचाच नाही. मालक म्हणजे बिनकामाचा साक्षीदार, असं त्याचं मत होतं. त्याला आपली गाडी नेहमी चांगलीच वाटते.

या घाटातल्या फेऱ्यांत पाण्याचा लोटा कधी आला ते सांगतो. तो आला हीराबाईंमुळे.

हीराबाई म्हणजे भिकमचंद शेठची आई. राजस्थानातून आलेलं जैन घर, धुळ्यात पिढ्या गेलेल्या. वनाची शेड त्यांच्याच तेलघाण्याच्या भिंतीला टेकून उभी होती. जागा भिकमचंदच्या वडिलांनी, हस्तीमल शेठनी, तोंडी दिली होती, "तू इथे बस, आमच्या गाडीकडे लक्ष ठेव" म्हणून. हीराबाई घरात मारवाडी बोलायच्या आणि बाहेर अशी खणखणीत अहिराणी, की भाजीवाल्या बाया वचकून असत. उकळलेल्या पाण्याशिवाय त्या थेंब घेत नसत, आणि सूर्य मावळल्यावर तेही नाही. म्हणून कुठेही निघाल्या की मांडीवर उकळलेल्या पाण्याचा पितळी लोटा असायचाच.

शेठची फियाट नवी होती तेव्हा वनाने सगळं घर बसवून घाटात नेली. मीही होतो, खिडकीशी चेपलेला. वनाने पाय दाबला, गाडीने झटका खाल्ला, आणि लोट्यातलं पाणी उसळून पुढच्या सीटवर गेलं. हीराबाई कडाडल्या.

"मुडदा बशिवला तुन्हा! मन्हं उकाळेल पानी सांडी टाकं! आते सांजलगून मी काय पिऊ?"

दुसरा असता तर त्याने माफी मागितली असती. वनाने गाडी थांबवली, मागे वळला आणि डोळे बारीक करून विचारलं, "माजी, ते ऱ्हाऊ द्या. पानी सांडनं कोठे? पुढे का मांडीवर?"

"पुढे! दख ना सीट, वल्ली चिंब व्हयनी."

वना उतरला, बॉनेट उघडलं, नट फिरवला. पुढच्या खेपेला पाणी हीराबाईंच्या मांडीवर सांडलं आणि त्याने पुन्हा शिव्या खाल्ल्या. मग त्याने नट थोडा मागे घेतला. शेवटी गाडी चढावर सुळकन निघाली आणि लोट्यातलं उरलंसुरलं पाणी नुसतं डुचमळलं. म्हातारी खूश झाली. वना तर असा खूश झाला जसं काही घाटच त्याने बांधला होता. त्या दिवसापासून वनाच्या प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर भरलेला लोटा आला. पाणी पुढे सांडलं, पिचकारी कमी. मांडीवर सांडलं, जास्त. आणि हीराबाईंना त्यात इतका रस आला की दुसऱ्यांच्या गाड्यांसाठीही त्या मुद्दाम यायच्या. घरात सून धनकुंवर आणि नोकर सोडले तर त्यांचं कोणी ऐकत नसे. इथे एक मिस्त्री त्यांच्या शब्दावर नट फिरवायचा.

आता ते रेसिंगचं. शेठचा धाकटा भाऊ रिखबचंद इंदूरहून हेरल्ड गाडी घेऊन आला. त्याला शर्यतीचं वेड. त्याने सांगितलं, वना, माझी गाडी उसळलीच पाहिजे. वनाने पंपाचं भोक मोठं केलं, दांडी लांबवली, आणि लोटा मला धरायला दिला. सगळं पाणी माझ्या मांडीवर आलं तेव्हाच तो थांबला. ती हेरल्ड लळिंगच्या चढावर मोटारसायकलींना मागे टाकायची. पुढे रिखबचंद गाडीसकट मुंबईला गेला, पण गावाने वनाला नाव चिकटवलं ते चिकटवलंच. वनालाही ते आवडायचं. मला विचाराल तर त्याची चूक असेल तर एवढीच.

मग पेट्रोल महागलं. त्र्याहत्तर सालचा तो हिवाळा ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. जो तो पेट्रोल वाचवायची युक्ती सांगू लागला. कोणी उतारावर इंजिन बंद करायचा, कोणी टाकीत रॉकेल मिसळायचा. आणि एक युक्ती जळगावहून आली. पंपच बंद करा. पिचकारीच्या वाटेत शिशाचा छर्रा बसवा, काम झालं. गाडी जरा ठसकते, पण पेट्रोल वाचतं. वनाने हे ऐकलं तेव्हा तो शेडमधल्या शेडमध्ये थयथयाट करत फिरला. "मानूसनं नाक दाबीसनी हवा वाचाडतंस का रे?" असं त्याने एका टॅक्सीवाल्याला विचारलं आणि त्याची किल्ली नेहमीप्रमाणे रस्त्यात गेली.

त्या मार्गशीर्षात शेठ आईला आणि बायकोला घेऊन जळगावच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेला आणि आठवड्याने परतला. गाडी काही वनाकडे आली नाही. वना तेव्हा दोंडाईच्याला बहिणीकडे गेला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी ते घडलं.

तेलघाण्याची गल्ली आमच्या दुकानांशेजारीच आग्रा रोडला मिळते. मी आत फॅनबेल्ट मोजत होतो. ट्रकचा हॉर्न ऐकला, मग ब्रेकची किंकाळी आणि मग तो आवाज. बाहेर धावलो तर शेठची फियाट रस्त्यात आडवी, मागचा कोपरा चेपलेला. गल्लीतून निघून रस्ता ओलांडताना ट्रकने मागच्या बाजूला उडवलं होतं. ड्रायव्हर झुलाल स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. मी आणि शेजारच्या पेट्रोल पंपावरच्या पोरांनी आधी हीराबाईंना काढलं. मागच्या सीटवर त्या एकट्याच होत्या. त्यांचा आवाज अजून कानात आहे. मग मी पुढच्या सीटवरून शेठला काखेत हात घालून उचललं. त्याला खरचटलंही नव्हतं. त्याचा बंद गळ्याचा कोट पाठीवर ओलाचिंब होता. माझा हात ओला झाला, मी घाबरून पाहिला, जवळच्या पोऱ्यालाही दाखवला, रक्त नव्हतं. घाम असेल म्हणून मी सोडून दिलं. मार्गशीर्षाची थंडी होती, अंगात स्वेटर होता माझ्या. घामाचा विचार मला कसा सुचला देव जाणे.

हीराबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते जुळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आणि आता ऐका. वना दोंडाईच्याहून परतेपर्यंत निकाल लागून गेला होता. हीराबाईंना बघायला रोज माणसं येत. ओसरीवर गादी टाकलेली, मधे भिकमचंद. आणि तो प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होता. वनाने गाडीला रेसिंगची सेटिंग करून ठेवली. झुलालने जरा पाय ठेवला आणि गाडी उसळून थेट ट्रकसमोर गेली. "माझी मान अशी मागे गेली," म्हणत तो मानही मागे टाकून दाखवायचा. माणसं चुकचुकायची. झुलाल दारात उभा असायचा. कोणी त्याला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणायचा, "उसळी का काय, समजनंच नही." त्याला काय म्हणायचं? त्याची नोकरी त्या ओसरीवर बसली होती.

गाडी तर तोवर गेलीसुद्धा. मालेगावचा भंगारवाला येऊन ओढून घेऊन गेला, कार्ब्युरेटरसकट. एवढी घाई कशाची होती, असं त्या शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही. मी विचारलं. चार माणसांत उभं राहून विचारलं, की शेठ, गाडी निदान उघडून तरी बघायची होती. तर मला उत्तर मिळालं, "नाना, तुमची दोस्ती आहे, तुम्ही गप्प राहा." म्हणजे दोस्ती असली की माणसाचे डोळे जातात!

टॅक्सीवाले यायचे बंद झाले. सरकारी जीप यायची, तीही गेली. वनाची बायको बेबाबाई पाणी भरायला गेली की बाया म्हणत, तुझ्या नवऱ्याने म्हातारीला अधू केलं. आणि मग शेठचा निरोप आला, होळीच्या आत शेड रिकामी कर. बापाने दिलेली जागा! वना एवढा बडबड्या, पण त्या दिवशी तो शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मला म्हणाला, "नाना, मी ती गाडी लोटावर लायेल व्हती. पानी हालत नव्हतं. मंग उसळनी कशी?" त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. पण माणसाला त्याच्या हाताबद्दल शंका यावी, एवढं खोटं बोलायचा अधिकार भिकमचंदला कोणी दिला?

"चल," मी म्हणालो. "माजींना बघायला जाऊ. आजाऱ्याला भेटायला जायला कोणाची परवानगी लागत नाही."

आम्ही गेलो तेव्हा ओसरी भरलेली होती. बाजारातले व्यापारी, दोन नातेवाईक, शेजारी. मान मागे टाकून दाखवायचा कार्यक्रम नुकताच झालेला असावा. वनाला बघून शेठ उठला.

"इथे यायची हिंमत कशी झाली तुझी? माझ्या आईला जन्माची पांगळी केलीस."

वना म्हणाला, "शेठ, मी माजीले भेटाले येल शे. भांडाले नही."

"नाही भेटायचं. निघ. आणि शेड होळीपर्यंत नाही, अमावस्येच्या आत खाली पाहिजे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. दार उघडंच होतं, खाट दारासमोरच होती. म्हातारी उताणी, कमरेला वाळूच्या पिशव्या लावलेल्या, पण आवाज तोच.

"कोन, वना शे का? थांब तठेच."

हीराबाई घरच्या माणसांशी कायम मारवाडीत बोलत. त्या दिवशी त्या अहिराणीत बोलल्या, ओसरीवरच्या शेवटच्या माणसाला कळावं म्हणून.

"भिकम, तुना कोटनी पाठ कसानी वल्ली व्हयेल व्हती रे?"

शेठ म्हणाला, "माँ, तू आराम कर."

"आरामच करी ऱ्हायनू. बठ्ठा जनम आते आरामच करना शे. तू सांग. पाठ कसानी वल्ली व्हती?"

माझ्या हाताला ते ओलं आठवलं आणि मी ओरडलोच, "होती! ओली होती! मीच उचललंय शेठला!" पंपावरचा एक पोऱ्या भेटायला आलेल्यांत होता, तोही म्हणाला, हो, नानांनी मला हात दाखवला होता.

"मना लोटानं पानी व्हतं ते," म्हातारी म्हणाली. "गाडी उडती तर पानी मना मांडीवर सांडतं. गाडी उडनी नही. रस्तामा अडकनी. पानी बठ्ठं ह्याना पाठवर गयं. मंग ट्रक उना. जयगावले पंपमा छर्रा बसाडा, तवय मी गाडीमाच बठेल व्हतू. चार थेंब पेट्रोलकरता."

पण म्हातारीचं संपलं नव्हतं. "मी रोज सांगू, भिकम, पानी पुढे सांडी ऱ्हायनं, गाडी वनाले दखाड. तर हाऊ माले काय म्हने? माँ, लोटा घर ठेव."

ते ऐकून ओसरीवरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. नेम पाळणाऱ्या बाईला मुलगा सांगतो, पाण्याचा लोटा घरी ठेव! गाडी नीट करायच्या ऐवजी आईला तहानलेली बसवायची! त्या दिवशीही लोटा त्यांनी पदराखाली लपवूनच आणला होता. धनकुंवर आतून आली, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि तिने तो लोटा दाराच्या चौकटीत ठेवला. एका बाजूला चेपलेला. भिकमचंद त्याच्याकडे न बघता चप्पल घालून तेलघाण्याकडे निघून गेला.

तुम्हाला वाटेल आता लोकांनी वनाची माफी मागितली असेल. कोणी नाही! एकेक जण पागोटं, टोपी सावरत उठला, काम आठवल्यासारखा. दारातून जाताना एकाने वनाच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच. चारचौघांत बदनामी करायला जीभ लांब असते आणि चुकलो म्हणायची वेळ आली की तिला लकवा होतो.

वनाही खूश झाला नाही. तो खाटेपाशी गेला आणि चक्क म्हातारीवर ओरडला. "पानी पुढे सांडस, हाई समजनं व्हतं ना तुमले? मंग बठन्यात कसाले त्या गाडीमा?"

"पोऱ्यानी गाडी, पोऱ्यानं पेट्रोल," हीराबाई म्हणाल्या. "उतरीसनी मी जाऊ कोठे?"

वनाने बाळीला हात लावला आणि बाहेर पडला. परत येताना सगळा रस्ता तो रडत होता. मी दुसरीकडे बघत चाललो.

शेड रिकामी करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती मागे घेतली असंही शेठ कधी बोलला नाही. गिऱ्हाइकं परतली, पण सगळी नाही. हीराबाईंचं बोलणं ओसरीवरच्या माणसांनी ऐकलं, आणि शेठचं मात्र सगळ्या गावाने. ओसरीवरचं बाहेर न्यायची कोणाला गरज वाटली नाही. शेठशी व्यवहार असतो ना सगळ्यांचा.

पुढच्या पावसाळ्याआधी शेठने दुसरी फियाट घेतली. हीराबाई तोवर काठीच्या आधाराने चार पावलं टाकू लागल्या होत्या. जळगावला साध्वींचा चातुर्मास होणार होता, त्यांना दर्शनाला जायचं होतं. त्यांनी मुलाला सांगितलं, वनाने लोट्यावर लावल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. शेठने झुलालबरोबर गाडी पाठवली, मागे सरकीची पोती भरून.

वनाने पोत्यांकडे पाहिलं. "पोतं सांगस का, पानी कोठे सांडनं? माले बोलनारं मानूस पायजे. माजीले घाटमा न्यू नका, त्यासनं हाड कच्चं शे. शेठले धाडा."

झुलाल निरोप घेऊन गेला आणि तोंड पाडून परत आला. शेठ म्हणाला, दुसरा मिस्त्री बघ. हीराबाई म्हणाल्या, दुसरा बघितलास तर मी जळगावला काठी टेकत पायी जाईन, आणि वाटेत विचारील त्याला कारण सांगीन. ती म्हातारी बोलल्याप्रमाणे करणारी होती, हे तिच्या मुलाइतकं कोणाला ठाऊक असणार? शेवटी चातुर्मास तोंडावर आला तेव्हा भिकमचंद शेठ स्वतः आला. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट. वनाने मागचं दार उघडलं, हीराबाईंच्या जागेवर बोट दाखवलं आणि तो चेपलेला लोटा काठोकाठ भरून शेठच्या मांडीवर दिला.

वजन म्हणून शेठशेजारी मी बसलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या लठ्ठपणाचं सार्थक वाटलं. पुढे झुलाल स्टिअरिंगवर, त्याच्या शेजारी वना. म्हणजे बरोबर शेठच्या पुढ्यात, ज्या सीटवर त्या दिवशी शेठ बसला होता. गाडी बाजारातूनच नेली. दोन्ही हातांनी लोटा सांभाळत बसलेला भिकमचंद सगळ्या व्यापाऱ्यांनी पाहिला. कोणी हसलं नाही, पण कोणी नजरही वळवली नाही.

लळिंगच्या चढावर झुलालने गाडी हळू केली.

"दाब," वना म्हणाला.

गाडीने ठसका खाल्ला आणि जागच्या जागी अडली. अख्खा लोटा वनाच्या पाठीवर गेला. निघण्याआधी वनाने तो नट स्वतःच्या हाताने उलटा फिरवून ठेवला होता, हे मी पाहिलं होतं. शर्ट पाठीला चिकटला, मानेवरून पाणी ओघळत होतं. तो वळलाही नाही.

"शेठ, पानी कोठे सांडनं?"

"सांडलं जरा," शेठ म्हणाला.

"कोठे?"

शेठ समोरच्या ओल्या पाठीकडे बघत होता. झुलालने इंजिन बंद केलं होतं, त्यामुळे शेठचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"पुढे," शेठ म्हणाला.

वना तसाच बसून होता. "आन त्या दिनले?"

मला वाटलं शेठ आता उतरून पायी निघेल. पण मांडीवर तो लोटा होता, आईच्या हातातला, चेपलेल्या बाजूने त्याच्याकडे आलेला. त्याने त्या खळग्यावरून अंगठा फिरवला.

"त्या दिवशीपण पुढेच," तो म्हणाला. "माझ्या पाठीवर."

हे तो त्या घाटात आम्हा तिघांसमोर म्हणाला. गावात मरेपर्यंत म्हणाला नाही, म्हणून मी सांगतोय. वनाने शर्ट काढून पिळला, बॉनेट उघडलं, नट होता तसा बसवला आणि पान्हा कमरेला खोचला.

"आते लोटा भरी आना, शेठ," तो म्हणाला. "खाले हीर शे."

भिकमचंद धोतराचा सोगा सावरत उतरला आणि लोटा घेऊन विहिरीकडे चालू लागला.